ब्राउझरचा बेंचमार्क स्कोअर दर वेळी वेगळा येतो: साधन कोणतं निवडायचं आणि चूक कुठे शोधायची

तक्रार ठरलेली असते. ब्राउझरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत, म्हणजे बेंचमार्कमध्ये, काल स्कोअर २४ आला, आज त्याच लॅपटॉपवर त्याच ब्राउझरमध्ये २१. किंवा स्पीडोमीटर या बेंचमार्कमध्ये एक ब्राउझर पुढे, मोशनमार्क या बेंचमार्कमध्ये दुसरा, आणि रोज वापरताना तिसराच हलका वाटतो. मग "जास्त अचूक" बेंचमार्कचा शोध सुरू होतो. साधन बदललं की आकडे बदलतात, गोंधळ मात्र तसाच राहतो. कारण इथे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले असतात. एक तर घेतलेलं साधन भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं, नाही तर यंत्रच मोजण्याच्या स्थितीत नसतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आपला दोष कोणता ते आधी ठरवायला हवं.

आधी ब्राउझरची तुलना त्याच्याशीच करा

दोन ब्राउझर समोरासमोर ठेवण्याआधी एकच ब्राउझर दोन स्पर्धक असल्यासारखा मोजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा वाद त्यातूनच उभा राहतो.

१. ब्राउझर पूर्ण बंद करा. खिडकी बंद केल्यावरही काही ब्राउझर मागे चालू राहतात, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये किंवा ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एकही प्रोसेस उरलेली नाही हे पाहा.
२. ब्राउझर उघडा, अर्धा मिनिट थांबा, बेंचमार्क एकदा चालवा, स्कोअर लिहून घ्या, पुन्हा पूर्ण बंद करा.
३. असं १० वेळा करा. १, ३, ५, ७, ९ या फेऱ्या "क" गटात आणि बाकीच्या "ख" गटात टाका.
४. दोन्ही गटांचा मध्यक काढा, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा. सगळ्या १० आकड्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांतला फरकही काढा.

समजा "क" गटात २३.८, २४.१, २३.६, २४.०, २३.९ आले आणि "ख" गटात २४.२, २३.६, २३.८, २४.०, २३.५. मध्यक २३.९ आणि २३.८, म्हणजे जेमतेम ०.४ टक्के फरक. हे यंत्र चांगलं आहे. पण त्याच यादीत २३.५ आणि २४.२ हेही आकडे आहेत, आणि त्यांच्यात जवळपास ३ टक्के अंतर आहे. एकेकच फेरी घेतली असती तर हा ब्राउझर स्वतःपेक्षाच ३ टक्के वेगवान ठरला असता. या यंत्रावर एका फेरीच्या जोरावर २ टक्क्यांचा निष्कर्ष काढणं चूक आहे.

दोन गटांच्या मध्यकांतच ३-४ टक्के फरक पडत असेल, तर साधन निवडण्याची वेळ अजून आलेली नाही. आधी यंत्र स्थिर करा. त्यासाठी खाली लक्षणांनुसार कारणं दिली आहेत.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. स्पीडोमीटर ३ निकालासोबत ± असा आकडा दाखवतो. तो त्या एका फेरीतल्या १० आवर्तनांचा पसारा आहे. ही सगळी आवर्तनं एकाच चालू ब्राउझरमध्ये होतात. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर मेमरीतली मांडणी बदलते, जस्ट-इन-टाइम कंपायलर (जेआयटी, म्हणजे जावास्क्रिप्ट चालू असतानाच तिचं वेगवान यंत्रभाषेत रूपांतर करणारा भाग) कधी जागा होतो ते बदलतं, काम कोणत्या कोअरवर पडतं तेही बदलतं. या चढउताराचा त्या ± मध्ये समावेश नसतो. त्यामुळे ± लहान दिसला तरी निकाल पक्का समजू नका. दर फेरीला ब्राउझर नव्याने उघडणं म्हणूनच गरजेचं आहे.

कोणतं साधन कोणत्या प्रश्नासाठी

स्पीडोमीटर. "वेब ॲप वापरताना ब्राउझर किती चटकन प्रतिसाद देतो?" हा प्रश्न असेल तर हेच घ्या. पहिली आवृत्ती २०१४ मध्ये वेबकिटच्या, म्हणजे सफारीच्या इंजिनाच्या, गटाने काढली. तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये ॲपल, गुगल आणि मोझिला यांनी मिळून आणली. तिन्ही मोठ्या इंजिनांचे (ब्राउझरचा कोड चालवणारा आणि पान रंगवणारा गाभा म्हणजे इंजिन) लोक एका चाचणीवर सहमत झाले, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला हे मोठं कारण आहे. तिच्यात २० कामं आहेत: रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू, स्वेल्ट, जेक्वेरी वगैरे जावास्क्रिप्ट लायब्ररींमध्ये लिहिलेलं "करायच्या कामांची यादी" हे छोटं ॲप, दोन बातम्यांच्या साइट, दोन संपादक, आलेख, शेअर बाजाराचा एसव्हीजी (रेषा-आकारांनी बनलेल्या चित्राचं स्वरूप) तक्ता. दुसऱ्या आवृत्तीच्या मानाने यात स्क्रिप्टनंतरचं लेआउट आणि रंगवण्याचं कामही जास्त काटेकोरपणे मोजणीत येतं.

स्कोअर कसा बनतो हे कळलं की निम्मे गैरसमज मिटतात. २० कामांच्या वेळांचा भूमितीमध्य (सगळ्या वेळांच्या गुणाकाराचं विसावं मूळ) मिलिसेकंदांत काढायचा आणि १००० ला त्याने भागायचं. भूमितीमध्य ५० मिलिसेकंद असेल तर स्कोअर २०. भूमितीमध्यामुळे प्रत्येक कामाला सारखं वजन मिळतं. एकच काम १० टक्के वेगवान झालं तर एकूण स्कोअर अर्धा टक्का सुद्धा धड हलत नाही, आणि एकच काम दुप्पट वेगवान झालं तरी एकूण वाढ ३.५ टक्के. एकूण स्कोअर ४ टक्क्यांनी बदलला असेल तर सगळ्या कामांत थोडाथोडा बदल आहे की एकाच कामात मोठा, हे तपशिलाच्या पानावर जाऊन पाहाच. आपलं काम संपादकाशी निगडित असेल तर संपादकाची ती दोन कामंच आपल्यासाठी खरी, एकूण आकडा दुय्यम.

आणि आवृत्त्या मिसळू नका. दुसऱ्या आवृत्तीचे स्कोअर शेकड्यांत यायचे, तिसरीचे दहा-वीस-तीसच्या घरात येतात. ३.० आणि ३.१ सुद्धा एका तक्त्यात शेजारी ठेवू नयेत.

जेटस्ट्रीम २. "जावास्क्रिप्ट आणि वेबअसेम्ब्लीची (ब्राउझरमध्ये चालणारा, आधीच घडवलेला वेगवान कोड) जड गणितं इंजिन किती वेगाने करतं?" यासाठी हे साधन. २०१९ मध्ये आलेल्या या संचात ६४ उपचाचण्या आहेत, आणि डॉमला, म्हणजे पानावरच्या घटकांच्या रचनेला, त्यांत जवळजवळ स्थान नाही. त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये मागे असलेला ब्राउझर इथे पुढे आला तर दोघांपैकी कोणतंही साधन खोटं ठरत नाही. एक पान रंगवण्यासकट मोजतं, दुसरं निव्वळ इंजिन मोजतं.

जेटस्ट्रीमची खरी उपयुक्त गोष्ट एकूण स्कोअरच्या खाली दडलेली आहे. बहुतेक जावास्क्रिप्ट चाचण्या १२० वेळा चालतात आणि तीन आकडे वेगळे दिले जातात: पहिल्या आवर्तनाचा, सर्वांत वाईट काही आवर्तनांचा आणि बाकीच्यांचा सरासरी. पहिला आकडा कोड नुकताच आलाय, इंटरप्रिटरमध्ये (रूपांतर न करता ओळीओळीने) चालतोय, अशा स्थितीचा. सरासरी आकडा वरच्या पातळीच्या कंपायलरने कोड घडवल्यानंतरचा. वाईट आकड्यात गार्बेज कलेक्शनचे (नको झालेली मेमरी मोकळी करण्याचे) थांबे आणि कंपायलरने अंदाज चुकल्यावर घेतलेली माघार दिसते. पान उघडून दोन मिनिटांत बंद करणाऱ्याला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा, तासनतास एकच ॲप उघडं ठेवणाऱ्याला सरासरी आणि वाईट हे दोन्ही. तिन्ही एकत्र कुस्करून "जेटस्ट्रीममध्ये अमुक पुढे" असं म्हणणं म्हणजे हातातली माहिती टाकून देणं.

मोशनमार्क. ग्राफिक्ससाठी. याची पद्धत उलटी आहे. ठरावीक काम किती वेळात झालं हे न बघता, ठरलेला फ्रेम रेट टिकवून पडद्यावर किती गुंतागुंतीचं दृश्य काढता येतं ते हे साधन शोधतं. कॅनव्हासवरचे पाथ आणि कमानी, सीएसएसची रूपांतरं, एसव्हीजी अशा ८ चाचण्या आहेत. हे साधन पडदा, खिडकीचा आकार आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांना इतकं संवेदनशील आहे की दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे शेजारी ठेवताना फार जपून राहावं लागतं. एकाच यंत्रावर, एकाच पडद्यावर दोन ब्राउझर तोलायला मात्र उत्तम.

ऑक्टेन, सनस्पायडर, क्रॅकन. हे जुने बेंचमार्क नव्या मोजणीसाठी घेऊ नका. ऑक्टेन गुगलने २०१७ मध्ये स्वतःच निवृत्त केला. तोवर सगळ्या इंजिनांनी त्या विशिष्ट चाचण्यांसाठी इतकी घासपूस केली होती की स्कोअर वाढला तरी खऱ्या साइट वेगवान होत नव्हत्या. सनस्पायडर त्याहून जुना, त्यातल्या चाचण्या आजच्या यंत्रावर इतक्या झटकन संपतात की मोजमापाच्या चुका निकालाएवढ्याच मोठ्या होतात. जुन्या तक्त्याशी तुलना करायचीच असेल तेवढ्यापुरते ठीक.

लाइटहाउस. हे सर्वांत जास्त चुकीच्या जागी वापरलं जाणारं साधन. लाइटहाउस साइट मोजतो, ब्राउझर मोजत नाही. तो क्रोमियमवरच (क्रोम, एज यांचा पाया) चालतो, म्हणून फायरफॉक्स किंवा सफारीशी तुलना त्यातून निघूच शकत नाही. शिवाय नेहमीच्या मोबाइल सेटिंगमध्ये तो सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला १५० मिलिसेकंद, सुमारे १.६ मेगाबिटचं नेटवर्क आणि ४ पट मंद सीपीयू गृहीत धरून बरेचसे आकडे गणिताने काढतो. साइट सुधारायला तो चांगला आहे. "कोणता ब्राउझर घ्यावा" या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

पान लोड होण्याचा वेळ ब्राउझरनिहाय मोजायचा असेल तर ब्राउझरटाइम घ्या. तो क्रोम, फायरफॉक्स, एज आणि सफारी चालवतो, पडद्याचं चित्रीकरण करतो आणि पान डोळ्याला कधी भरलेलं दिसलं ते काढतो. त्याची नेहमीची ३ आवर्तनं अपुरी पडतात, किमान ११ करा. आणि उघड्या इंटरनेटवरची साइट मोजू नका. जाहिराती आणि सर्व्हरचा मूड दर मिनिटाला बदलतो. पानाची नक्कल स्थानिक सर्व्हरवर ठेवूनच मोजा.

मेमरी, बॅटरी आणि ब्राउझर उघडण्याचा वेळ यांतलं काहीही स्पीडोमीटर, जेटस्ट्रीम किंवा मोशनमार्कमधून कळत नाही. मेमरी मोजताना सगळ्या प्रोसेसचे आकडे सरळ बेरजेत घेऊ नका. मेमरीचे सामायिक तुकडे अनेकदा मोजले जातात आणि जास्त प्रोसेस वापरणारा ब्राउझर उगाच खादाड ठरतो. लिनक्सवर प्रत्येक प्रोसेसचा पीएसएस हा आकडा पाहा, त्यात सामायिक भाग वाटून धरलेला असतो.

लक्षण: प्रत्येक पुढच्या फेरीत स्कोअर उतरतो

हे उष्णतेचं लक्षण आहे. मध्ये न थांबता ५ फेऱ्या करा आणि आकडे क्रमाने मांडा. उतार दिसला तर यंत्र तापून प्रोसेसरचा वेग कमी होतोय. पंखा नसलेले लॅपटॉप आणि फोन यांत हे हमखास दिसतं. बऱ्याच प्रोसेसरांना थोड्या वेळापुरती जास्त वीज ओढायची मुभा असते, त्यामुळे गार यंत्रावरची पहिली फेरी खोटी चांगली येते. आणि नेमका तोच ब्राउझर "जिंकतो" जो आधी मोजला.

उपाय: फेऱ्यांमध्ये ३ ते ५ मिनिटं थांबा, लॅपटॉप कडक सपाट पृष्ठभागावर ठेवा, फोन चार्जिंगला लावून मोजू नका. प्रोसेसरचा टर्बो (थोड्या वेळापुरता वाढवलेला वेग) बंद करणं हा आणखी पक्का उपाय. आकडे खाली येतील पण एकसारखे येतील. तुलनेसाठी एकसारखेपणाच हवा असतो.

लक्षण: पहिली फेरी वाईट, नंतर सुधारतं

नवं प्रोफाइल उघडलं की ब्राउझर मागे बरंच काही उतरवत असतो: धोकादायक साइटच्या याद्या, छोटे घटक, कधी स्वतःचं अपडेट. अँटिव्हायरस नव्या फायली तपासत असतो. नवं प्रोफाइल बनवल्यावर ब्राउझर १० मिनिटं उघडा सोडा, मग बंद करून मोजणी सुरू करा. पहिली फेरी नोंदवा, पण मध्यकात धरू नका. हा नियम मोजणीच्या आधीच ठरवा. आकडे बघून कोणती फेरी वगळायची ते ठरवू लागलात की मोजणी संपली.

लक्षण: स्कोअर अपेक्षेच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी

१०-१५ टक्क्यांची घसरण वेगळी आणि निम्म्यावर येणं वेगळं. इतकी मोठी पडझड झाली की बहुधा एखादी सोय पूर्ण बंद पडलेली असते.

• जस्ट-इन-टाइम कंपायलर बंद आहे का? एजमध्ये वेबवरची सुरक्षा वाढवण्याचं सेटिंग सुरू असेल तर क्वचित भेट दिलेल्या साइटवर जेआयटी बंद होतो, आणि बेंचमार्कचं पान नेमकं तसंच असतं. क्रोमच्या साइट सेटिंगमध्येही व्ही८ (क्रोमचं जावास्क्रिप्ट इंजिन) ऑप्टिमायझर बंद करायची सोय आहे. आयफोनवर लॉकडाउन मोड सुरू असेल तर तिथेही जेआयटी मिळत नाही. जेटस्ट्रीम कोसळला आणि मोशनमार्क तुलनेने तग धरून आहे, तर संशय इथेच घ्या.

• ब्राउझरची बांधणी प्रोसेसरशी जुळते का? एआरएम प्रोसेसरवर इंटेलसाठी बांधलेला ब्राउझर अनुवादातून चालतो. चालतो व्यवस्थित, पण हळू. ब्राउझरच्या आवृत्तीच्या पानावर किंवा ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या प्रकार या रकान्यात बघा.

• ग्राफिक्स सॉफ्टवेअरमधून रंगवलं जातंय का? क्रोम आणि एजमध्ये अंतर्गत जीपीयू पान, फायरफॉक्समध्ये समस्या निवारणाचं माहितीपान उघडा. हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद, किंवा ड्रायव्हर काळ्या यादीत, असं दिसलं तर मोशनमार्कचा आकडा निरर्थक आहे. व्हर्च्युअल मशीन आणि रिमोट डेस्कटॉपवर हे जवळजवळ नेहमीच होतं.

• डेव्हलपर टूल्स उघडी आहेत का? बंद करा. प्रोफाइलर, नेटवर्क नोंदी, कन्सोल सगळेच वेळ खातात.

• यंत्र बॅटरीवर आहे का? वीजबचतीच्या मोडमध्ये आयफोनची सफारी फ्रेम रेट ३० वर आणते. लॅपटॉप चार्जरला जोडा, विंडोजमध्ये पॉवर मोड सर्वोच्च कामगिरीवर ठेवा, लिनक्सवर सीपीयू गव्हर्नर परफॉर्मन्सवर, मॅकवर लो पॉवर मोड बंद.

लक्षण: बहुतेक फेऱ्या ठीक, मध्येच एखादी कोसळते

बेंचमार्कचा टॅब मागे गेला की ब्राउझर त्याचे टायमर सेकंदाला एकदा इतके मंद करतो आणि नवी फ्रेम काढण्याचे इशारे थांबवतो. खिडकी दुसऱ्या खिडकीखाली पूर्ण झाकली गेली तरी क्रोम तिला न दिसणारी समजू शकतो. मोजणी चालू असताना दुसऱ्या खिडकीत आकडे टिपत बसणं हे कोसळलेल्या फेरीचं नेहमीचं कारण. कागदावर टिपा, किंवा फेरी संपू द्या. स्क्रीनसेव्हर, सूचना, क्लाउड सिंक, फाइल इंडेक्सिंग आणि ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट हे बाकीचे संशयित. सुरुवात करण्याआधी, काहीच चालू नसताना, सीपीयूचा वापर २-३ टक्क्यांच्या खाली स्थिरावलाय का ते पाहा.

एक्स्टेन्शन हा वेगळा विषय. जाहिराती अडवणारी, पासवर्ड भरणारी, व्याकरण तपासणारी एक्स्टेन्शनं प्रत्येक पानात स्वतःची स्क्रिप्ट घुसवतात आणि डॉममधल्या बदलांवर पाळत ठेवतात. स्पीडोमीटर तर डॉममध्येच हजारो बदल करतो, म्हणून त्याचा स्कोअर सर्वांत आधी पडतो, आणि जेटस्ट्रीम फारसा हलत नाही. खासगी खिडकीत मोजणं हा अर्धवट उपाय आहे, कारण एखाद्या एक्स्टेन्शनला तिथेही परवानगी दिलेली असू शकते आणि साठवणुकीचं वागणंही बदलतं. स्वतंत्र, कोरं प्रोफाइलच वापरा. "माझ्या रोजच्या ब्राउझरचा वेग किती" हाच प्रश्न असेल तर मात्र एक्स्टेन्शनांसकट मोजणंच बरोबर.

लक्षण: दोन पडद्यांवर मोशनमार्क वेगळा

६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३३. म्हणजे त्याच ब्राउझरला निम्म्या वेळात दृश्य उरकायचं असतं. बदलता रिफ्रेश रेट असेल तर आणखी घोळ. पडदा ६० हर्ट्झवर कायम करा, जोडलेला दुसरा पडदा काढा. झूम १०० टक्के, खिडकी दोन्ही ब्राउझरांत सारख्याच आकाराची. मोशनमार्क खिडकीच्या आकारानुसार लहान, मध्यम आणि मोठा असे वर्ग पाडतो, वेगळ्या वर्गांचे स्कोअर तुलनेत आणू नका. टॅबच्या पट्टीची उंची प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळी असते, म्हणून खिडकी सारखी दिसली तरी आतलं पान लहानमोठं असू शकतं. सीमारेषेवर असाल तर ब्राउझर वेगळ्या वर्गात जातो.

लक्षण: आवृत्ती तीच, तरी दोन यंत्रांवर ब्राउझर वेगळा वागतो

यंत्र सारखं असूनही असं होत असेल तर चाचणी-गटांचा विचार करा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स नव्या सुविधा सगळ्यांना एकदम न देता काही टक्के वापरकर्त्यांवर चालवून बघतात. आवृत्ती क्रमांक तोच, आतलं सेटिंग वेगळं. क्रोमच्या आवृत्तीच्या पानावर या प्रयोगांची यादी दिसते, फायरफॉक्समध्ये अभ्यासांचं पान आहे. फायरफॉक्समध्ये अभ्यासात सहभागी न होण्याचा पर्याय निवडा. क्रोममध्ये निदान यादी नोंदवून ठेवा. प्रोफाइल बदलताना एकदम ५ टक्के उडी आली आणि ती टिकून राहिली, तर कारण इथे सापडण्याची शक्यता मोठी.

आयफोनवर उलटी तक्रार येते, सगळे ब्राउझर सारखेच मोजले जातात. त्यात बिघाड नाही. ॲपलच्या नियमाने तिथे सगळ्या ब्राउझरांना वेबकिटच वापरावं लागत आलंय. आयओएस १७.४ पासून युरोपीय महासंघात आणि आयओएस २६.२ पासून जपानमध्ये इतर इंजिनांना वाट मिळाली आहे. बाकी ठिकाणी नाव वेगळं, इंजिन एकच, म्हणून तिथे ब्राउझरांची स्पीडोमीटरवर तुलना करून हाती काही लागत नाही.

लक्षण: स्वतः लिहिलेल्या चाचणीत ० आणि १ मिलिसेकंदच येतात

जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांमधली स्पेक्टर ही भेद्यता उघड झाल्यावर ब्राउझरांनी पानाला मिळणारं घड्याळ मुद्दाम भोंगळ केलं. सफारी आणि फायरफॉक्समध्ये साधारण १ मिलिसेकंद, क्रोममध्ये १०० मायक्रोसेकंद इतकीच बारकाई मिळते. सर्व्हरने क्रॉस-ओरिजिन आयसोलेशनचे (पान इतर साइटांपासून वेगळं ठेवण्याचे) दोन्ही हेडर पाठवले तर फायरफॉक्समध्ये २० आणि क्रोममध्ये ५ मायक्रोसेकंदांपर्यंत जाता येतं. पण त्यापेक्षा सोपं म्हणजे मोजलेलं काम लांबवणं. एक कृती १००० वेळा करा आणि एकूण काळ १०० मिलिसेकंदांच्या वर जाऊ द्या. मग १ मिलिसेकंदाची चूक १ टक्क्यावर येते. आलेला निकाल कुठेतरी वापरा, बेरीज करून शेवटी छापा. न वापरलेलं गणित कंपायलर सरळ वगळतो आणि तुमची चाचणी रिकामं लूप मोजत बसते.

प्रत्यक्ष तुलना

स्वतःशी तुलनेत यंत्र उत्तीर्ण झालं की दोन ब्राउझर घ्या, त्यांना आता क आणि ख म्हणू. आधी एकाच्या १० फेऱ्या आणि मग दुसऱ्याच्या १० असं करू नका. दुपारी खोली तापते, मागे एखादं अपडेट सुरू होतं, आणि सगळा फटका दुसऱ्याला बसतो. क, ख, ख, क, क, ख, ख, क असा आलटूनपालटून क्रम ठेवा. प्रत्येकाच्या १० फेऱ्या, प्रत्येक फेरीला नवा ब्राउझर, मध्ये ३ मिनिटं. स्पीडोमीटरसाठी हे दीड-दोन तासांचं काम आहे, त्याला आडवाट नाही. अनिश्चितता निम्मी करायची तर फेऱ्या चौपट लागतात, म्हणून यंत्र शांत करण्यात घातलेला अर्धा तास फेऱ्या वाढवण्यापेक्षा जास्त फळ देतो.

मध्यकांतला फरक स्वतःशी तुलनेत दिसलेल्या फरकापेक्षा ठळकपणे मोठा असेल तरच त्याला फरक म्हणा. स्वतःशी ०.४ टक्के आणि दोघांत ६ टक्के, हे पक्कं आहे. स्वतःशी १.५ आणि दोघांत २, तर "या यंत्रावर फरक मोजता आला नाही" एवढंच लिहा. तोही निकालच आहे, आणि प्रामाणिक निकाल आहे.

हाताने मोजायचा कंटाळा येत असेल तर क्रोमच्या गटाचं क्रॉसबेंच घ्या. ते स्पीडोमीटर, जेटस्ट्रीम आणि मोशनमार्क हे तिन्ही वेगवेगळ्या ब्राउझरांवर चालवतं. स्वतःच्या कोडच्या दोन आवृत्त्या तोलायच्या असतील तर टॅकोमीटर जास्त योग्य. तो आलटूनपालटून किमान ५० नमुने घेतो, ९५ टक्के विश्वास-अंतर (खरा फरक बहुधा ज्या मर्यादेत आहे ती) देतो, आणि फरक स्पष्ट होत नसेल तर ठरलेल्या वेळेपर्यंत नमुने वाढवत जातो. स्वयंचलित चालवताना पडद्याविना मोड टाळा. ग्राफिक्ससाठी तर तो चालणारच नाही. आणि एक ब्राउझर हाताने, दुसरा वेबड्रायव्हरने (ब्राउझर प्रोग्राममधून चालवणारं साधन) असं कधीही करू नका, कारण वेबड्रायव्हर ब्राउझर उघडतानाच काही सेटिंग बदलतो.

निकालाशेजारी हे लिहून ठेवा: ब्राउझरची पूर्ण आवृत्ती आणि बांधणी, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, प्रोसेसर, बेंचमार्कची आवृत्ती, पडद्याचा रिफ्रेश रेट, आतल्या पानाचा आकार, वीज कुठून, एक्स्टेन्शन होती का, फेऱ्या किती, आणि सगळ्या फेऱ्यांचे कच्चे आकडे. फक्त मध्यक ठेवला तर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आल्यावर फरक खरा की गोंगाट हे ठरवायला हातात काही उरत नाही. ब्राउझर दर काही आठवड्यांनी बदलतात, त्यामुळे ती वेळ लवकरच येते. तेव्हा जुन्या आकड्यांशी नवा आकडा जुळवू नका. जुनी आवृत्ती पुन्हा बसवून दोन्ही त्याच दिवशी, आलटूनपालटून मोजा.